टाचेला लागलेलं बोट

पटलं नाही तर सोडून द्या, पण माझ्या मावसबहिणीच्या, श्रद्धाच्या बाबतीत हे खरोखर घडलंय. गेल्या जानेवारीत, हडपसरच्या पुढे एका बंद दगडखाणीत. रात्र नव्हती. नुकतं उजाडलं होतं.

खाणीत वर्षानुवर्षांचं पाणी साठलेलं. वर धुकं.

श्रद्धा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. पोहण्यात तिची एकच खोड. सुरुवातीलाच जीव खाऊन हात मारायचे. गेल्या वर्षी समुद्रातल्या स्पर्धेत त्यामुळेच तिचा दम तुटला आणि होडीतून उचलून आणावं लागलं. यंदा पुन्हा उतरायचं, तर आधी वेग आवरायला हवा होता.

म्हणून सोबतीला सुदर्शन. दोघं एकाच जलतरण तलावावर सराव करायची.

"बाईसाहेब, इथे उचलायला होडी नाही," काठावर तो म्हणाला. "मी मागेच असेन. टाचेला एकदा बोट लागलं, की हळू. दोनदा लागलं, की ठीक चाललंय."

"आणि तूच बुडायला लागलास तर?"

"मग तीनदा लावीन. वळायची तसदी घ्या."

हसतच श्रद्धा पाण्यात उतरली. मागे काठावर सुदर्शन गॉगल चढवत होता.

पाणी गार होतं. श्रद्धाचे हात आपोआप भराभर पडू लागले. श्वास अपुरा पडायला लागला.

टाचेला बोट लागलं... एकदा.

ती हळू झाली. श्वास जागेवर आला.

मग दोनदा.

तिला बरं वाटलं. पहिल्यांदाच मोकळ्या पाण्यात तिला भीती वाटत नव्हती.

खाणीच्या मध्यावर पुन्हा... एकदा.

ती आणखी हळू झाली.

पुन्हा एकदा.

आता हात जेमतेम हलत होते. पाय जड होऊन खाली जाऊ लागले.

पुन्हा... एकदा.

"अरे, आता काय थांबू का?" ती वैतागून थांबली, मान वर काढली.

मागे कुणीच नव्हतं.

धुकं जरा विरलं. काठावर टॉवेल गुंडाळून सुदर्शन उभा होता. कोरडा. दोन्ही हात हलवून तिला बोलावत होता.

तेवढ्यात पाण्याखाली लोंबणाऱ्या तिच्या टाचेला...

तीनदा.

श्रद्धा वळली नाही. खाली बघितलं नाही. जीव तोडून पोहावंसं वाटत होतं, पण तसं केलं तर दम तुटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हात, हात, श्वास. हात, हात, श्वास. त्याच लयीत ती काठाला लागली.

"सुरुवातीलाच माझ्या गॉगलचा पट्टा तुटला," सुदर्शन म्हणाला. "किती हाका मारल्या! मग तुझ्या मागे कुणाचं तरी डोकं दिसलं. म्हटलं, आहे सोबत."

त्याने पाण्याकडे पाहिलं.

"तो कुठे गेला गं?"

श्रद्धाने नंतर सगळे तर्क लावून पाहिले. शेवाळ असेल. मासा असेल. पण शेवाळाला एक, दोन, तीन कळत नाही. आणि ती खूण काठावर, दोघांतच ठरली होती.

आता ती फक्त तलावात पोहते. रांगेत सगळ्यांच्या मागे, म्हणजे आपल्यामागे कुणी नको.

तरीही वेग वाढला, की टाचेला बोट लागतं. एकदा.

तीनदा अजून लागलेलं नाही.

लागलं, तर या वेळी वळायचं की नाही... हे तिचं अजून ठरत नाहीये.