दोष नव्हता तो

घरोघरच्या यंत्रांत खरं असं काही उरलं नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. फोटो होते, आवाज होते, लग्नांचे कंटाळवाणे व्हिडिओही होते. पण ते साठवलेले नव्हते. मागितले की आयत्या वेळी नव्याने तयार होत. ही करामत अनुमान-ड्राइव्हची. जसंच्या तसं साठवणारे जुन्या धर्तीचे ड्राइव्ह मिळत. मात्र त्यांना लागणारा धातू इतका दुर्मीळ झाला होता की ते बँका, न्यायालयं आणि धनाढ्य मंडळी यांनाच परवडत.

बार्शीच्या शाळेतून निवृत्त झालेली चित्रकलेची शिक्षिका तितिक्षा कसबे यांपैकी कोणातच मोडत नव्हती. तिचा लॅपटॉप वहीएवढा, नवऱ्याच्या वेळचा. त्यातला ड्राइव्ह काठोकाठ भरला होता आणि अखेरच्या घटका मोजत होता. जुना जमा केला, तर सोलापूरच्या साठवण केंद्रात अनुमान-ड्राइव्ह निम्म्या किमतीत बसवून मिळे. पेन्शनीत बसणारा तेवढा एकच मार्ग होता.

त्या ड्राइव्हमध्ये तिच्या नवऱ्याचे, सारंगचे, सहाशे बारा आवाजी निरोप होते. सारंग बोलताना अडखळायचा. जगाशी त्याचा सगळा कारभार लिहून चाले. आवाज तेवढा बायकोसाठी. तिच्या नावातल्या पहिल्याच अक्षरावर तो असा अडकून बसे की, "तुझ्या वडिलांनी मुद्दाम ठेवलंय हे नाव," असं स्वतःच हसून म्हणे. त्याला जाऊन बावीस वर्षं झाली होती. मुलगी रेवा तेव्हा दोन वर्षांची. नवराबायकोतलं बोलणं म्हणून तितिक्षाने ते निरोप तिला कधी ऐकवले नव्हते. आता रेवाचं लग्न ठरलं होतं. तिला तिचे बाबा जसे होते तसे द्यायचे, एवढीच तितिक्षाची इच्छा होती.

केंद्राच्या शास्त्रज्ञ डॉ. ऐनापुरे अर्ज भरून घेत होत्या. "काकू, रेकॉर्डिंगमधल्या बोलण्यात काही दोष?"

तितिक्षा ताठ झाली. हा शब्द तिने लग्न ठरल्यापासून ऐकला होता. सासरी, माहेरी, डॉक्टरांच्या कागदांवर.

"दोषबिष काही नाही," ती म्हणाली.

डॉ. ऐनापुरेंनी रकान्यात तशी खूण केली.

चौथ्या दिवशी ती लॅपटॉप छातीशी धरून परत आली. "डॉक्टर, हा माझा नवरा नाही."

तिने एक निरोप लावून दाखवला. "तितिक्षा, येताना कोथिंबीर आण." आवाज सारंगचाच होता. मागे वाजणारी कुकरची शिट्टीही त्यांच्याच घरातली होती. फक्त वाक्य सरळ, गुळगुळीत आलं होतं.

"बोलणारा पुढे काय बोलणार, हे यंत्राला बरंचसं ओळखता येतं," डॉ. ऐनापुरे म्हणाल्या. "मग ते साठवायचं कशाला? अंदाज चुकतो, तेवढंच आम्ही लिहून ठेवतो. स्वस्त ड्राइव्हमध्ये जागा कमी, त्यामुळे बारीकसारीक चुका गोंगाट समजून गाळल्या जातात. आपला मेंदूही असाच साठवतो, काकू. आम्ही त्याच्याकडूनच शिकलो."

"पण तो अडखळायचा हो."

"म्हणून तर मी विचारलं होतं! दोष आहे म्हणाला असतात, तर अपवाद म्हणून नोंदवला असता. जसाच्या तसा राहिला असता."

"दोष नव्हता तो," तितिक्षा म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

जुना ड्राइव्ह जमा केला त्याच दिवशी भट्टीत वितळला होता, हे डॉ. ऐनापुरेंनी खालच्या आवाजात सांगितलं.

घरी आल्यावर तिने कॅनडात रेवाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. "ऐक, मी म्हणून दाखवते. ति... ति... ति... तितिक्षा!"

"हो, तितिक्षा. मग?"

"अगं, अडखळायचे ते. असं. ति... ति... ति..."

"आई, तू नीटच तर म्हणतेयस."

फोनही आवाज अंदाजानेच पोचवत होता. तितिक्षाने आणखी दोनदा करून पाहिलं आणि मग लग्नाच्या साड्यांचं काहीतरी बोलून फोन ठेवला.

रेवा दिवाळीला येणार होती. समोरासमोर बसलं की मध्ये यंत्र येणार नव्हतं. तोवर सात महिने ते अडखळणं जपायचं होतं. रोज सकाळची पूजा आटोपली की तितिक्षा खिडकीशी बसून मोठ्याने अडखळू लागली. पहिले काही दिवस ते हुबेहूब त्याचं होतं आणि तिला बरं वाटे.

महिन्याभराने एका सकाळी तिच्या लक्षात आलं, की आपण दर वेळी तीनदाच अडखळतो. सारंग कधी दोनदा अडखळायचा, कधी पाचदा. कधी मध्येच श्वास घेऊन हसायचा. ते पाचदाचं अडखळणं ऐकू यावं म्हणून तिने डोळे घट्ट मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

"ति... ति... ति..."

तीनच आले.