उजव्या बाजूची खिडकी

दुकानात धुरकट रंगाची ॲक्रिलिकची शीट एकच उरली होती आणि तिला एकाच वेळी दोन हात लागले. एक हात तिचा. दुसऱ्या हाताच्या बोटांना निळा रंग लागलेला होता. तो कुणाचा हे बघायला तिनं मान वर केली, आणि आपल्याला शीट नेमकी कशाला हवी होती हेच क्षणभर विसरली.

"मी आधी धरली," ती म्हणाली.

"खरंय. पण मी आधी पाहिली. दारातूनच."

दुकानदारानं दोघांकडे पाहून सुस्कारा सोडला आणि चहा मागवला, स्वतःपुरता. बोलता बोलता कळलं, की हा पाटीवाला. डॉक्टर, वकील, शिकवण्यावाले यांच्या नावांच्या पाट्या करतो आणि एका चष्मेवाल्याच्या पाटीसाठी त्याला हातभर तुकडा हवा आहे. तिला त्याहून जरा मोठा हवा होता. शीट दोघांना पुरून उरणारी होती. पण हे भांडण इतक्यात मिटावं असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं.

"तुम्हाला कशाला हवीय?" त्यानं विचारलं.

"खिडकी करायचीय."

"घराला?"

"कॉम्प्युटरला."

यावर लोक हसत. ती हसू ऐकायच्या तयारीतच होती. पण तो हसला नाही. शीट उजेडाकडे धरून तिच्यातून पलीकडे बघत त्यानं विचारलं, "म्हणजे आतलं सगळं चालताना दिसेल?" …आणि तिथंच ती विरघळली. आजवर कुणी तिला हा प्रश्न विचारलाच नव्हता.

घरी तिला खुडबुडी म्हणत. लहानपणी तिनं घड्याळ उघडलं, मोठेपणी मिक्सर उघडला, आणि नोकरीही अशीच शोधली की जिथं दिवसभर बोटं चालतील. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती दुसऱ्यांच्या दातांना घासूनपुसून चकाकी आणायची, वाकड्या दातांसाठी बारीक तारा वळवायची. संध्याकाळी घरी आली की 'डब्या'च्या मागे लागायची. डबा हा शब्द आईचा. भंगारातून आणलेलं ते कॉम्प्युटरचं जुनं, उभं, पिवळट पडलेलं कॅबिनेट तिनं महिनाभर सँडपेपरनं घासलं होतं आणि त्यात मोठ्या हौसेनं नवे भाग बसवले होते. एकत्र कुटुंबातली आत्या म्हणायची, हौसेला मोल नसतं हे ठीक, पण हिच्या हौसेला आवाज फार आहे.

येत्या रविवारी अशाच हौशी लोकांनी घरी सजवलेल्या कॅबिनेटांचं प्रदर्शन होतं. पहिलं बक्षीस होतं एक ग्राफिक्स कार्ड. त्या कार्डाचं चित्र ती इतक्या वेळा बघून बसली होती, की बाबांना वाटलं एखाद्या मुलाचा फोटो बघतेय.

शीट कापून द्यायचं पाटीवाल्यानं कबूल केलंच. शिवाय विचारलं, की पत्र्याला भोक कशानं पाडणार? कानशीनं घासत बसाल तर रविवार उजाडेल. आपल्याकडे पत्रा कापायची इलेक्ट्रिक करवत आहे.

"मी अजून तुम्हाला घरी बोलावलेलं नाही," ती म्हणाली.

"म्हणूनच तर विचारतोय."

दुसऱ्या संध्याकाळी तो करवत घेऊन दारात उभा राहिला. आत्यानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, कुठले, कुणाचे, किती भावंडं सगळं विचारून घेतलं आणि मग आत सोडलं. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता, गॅलरी ओली झाली होती, त्यामुळे सगळा पसारा बाहेरच्या खोलीत आला. लोखंडाचा एवढासा कीस आत पडला तरी सगळं जळून जायचं, म्हणून कॅबिनेट तिनं आत्याच्या जुन्या चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. त्याचे दोन्ही बाजूंचे पत्रे, डावा आणि उजवा, भिंतीला टेकवून उभे केले. दिसायला दोन्ही जुळे भाऊ, फक्त आतल्या खाचा एकमेकांच्या उलट, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसत नसे.

मग तो तिला एका न्हाव्याच्या पाटीची गोष्ट सांगू लागला. रंग सुकायच्या आत पाटी टेकवून ठेवली आणि उद्घाटनाला आलेला पाहुणा तिलाच पाठ लावून उभा राहिला… भाषण होईपर्यंत अख्खं दुकान त्याच्या पांढऱ्या शर्टावर छापलं गेलं. हसताना पाटीवाल्याचा एक डोळा दुसऱ्याहून जरा जास्त मिटायचा. तिला हसू आवरेना. डोळ्यांतलं पाणी पुसत, हसत, त्याच्या त्या डोळ्याकडे बघतच तिनं पत्रा उचलला, खिडकीची चौकट आखली आणि त्याच्या हातात दिला.

करवत सुरू झाली. घरभर असा काही आवाज झाला की आत्या कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात गेली. तो कापत होता, ती पत्रा दाबून धरत होती. दोघांच्या हातांत वीतभरही अंतर नव्हतं आणि तिला वाटत होतं, आपल्या छातीची धडधड बहुतेक पत्र्यातून त्याला कळत असणार. काम संपल्यावर त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावरच्या केसांत कीस चमकत होता. तो हात पुढे करणार होता… मग थांबला आणि तिचाच रंगाचा मऊ ब्रश उचलून त्यानं हलकेच तो कीस झटकला. तिनं डोळे मिटून घेतले. कीस केव्हाच गेला होता, तरी ब्रश थोडा वेळ फिरत राहिला.

"झालं," तो म्हणाला आणि ब्रश खाली ठेवला.

तिनं आनंदानं सगळ्यांना हाक मारली. आई, बाबा, आत्या भोवती जमले. चादर काढली, पत्रा बसवला… आणि सगळे खिडकीशी वाकले.

अशा डब्याचा डावा पत्रा काढला की पंखे, दिवे, कार्डं असा सगळा संसार दिसतो. उजवा काढला तर दिसते त्या संसाराची पाठ. खिडकी उजव्या पत्र्याला पडली होती. तिच्यातून दिसत होता सगळे भाग ज्यावर ठोकलेले असतात तो कोरा लोखंडी तवा, मागच्या बाजूनं, आणि कशाबशा कोंबलेल्या चार वायरी.

"हे बघायला खिडकी केलीत होय?" आत्यानं विचारलं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभराची मेहनत वाया, रविवार तोंडावर. रागात माणूस जवळचं माणूस शोधतो आणि त्याच्यावर घसरतो. पाट्या कापण्याइतकं हे सोपं नाही, ती म्हणाली. कुठली बाजू कापायची हे विचारायला तोंड नव्हतं का? तुमच्या हाती द्यायलाच नको होतं. पाटीवाल्यानं पत्रा काढून हातात घेतला, आतल्या बाजूकडे एकवार बघितलं आणि म्हणाला, "चुकलं माझं."

एवढंच. मग खाली बसून निमूटपणे त्या आतल्या कडांना कागदी टेप लावू लागला, रंग मारताना कडा खराब होऊ नयेत म्हणून.

दुसरा पत्राही कापून देतो, तो थोड्या वेळानं म्हणाला. पण मग उजवीकडचं भोक तसंच वासून राहिलं असतं. ती त्या चार वायरींकडे बघत राहिली. त्या कुणी बघूच नये अशा कोंबलेल्या होत्या. सगळे तेच करतात. सगळे पंखे दाखवतात आणि वायरी लपवतात… तिच्या बोटांना एकदम खाज सुटली. तारा वळवणं हे तर तिचं रोजचं काम.

"थांबा," ती म्हणाली. "मी इथं वायरींचीच नक्षी करते. एकूण एक वायर दिसेल अशी."

"पत्रा तव्याला चिकटून बसतोय. एवढी जागा कुठाय?"

"तीच तर अडचण आहे."

त्यानं खिडकीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग त्याचे डोळे चमकले. शीट गरम करून मधोमध फुगवून देतो, म्हणाला. अंगठाभर उठाव आला की वायरींना हवी तेवढी जागा.

पुढचे दिवस कसे उडाले कळलं नाही. तिनं मागच्या लोखंडी तव्यावर मोरपंखी रंग मारला, त्याच्या कडेनं बारीक दिव्यांची माळ लावली, वायरींना रंगीत कापडी नळ्या चढवल्या आणि लॅबमधल्या चिमट्यानं एकेक वायर वळवून फांदीवरून फांदी निघावी तशी बसवत नेली. पाटीवाला रोज यायचा, फुगवलेली शीट लावून बघायचा, परत घेऊन जायचा. पण आता तो गोष्टी सांगत नव्हता. मोजकं बोलायचा. आत्यानं त्याचं नाव 'उलटखिडक्या' ठेवलं होतं आणि बाबाही त्याच्या हातात काही द्यायच्या आधी दोनदा बघायचे. शेवटी शीट चपखल बसली. "तुमचं काम झालं," तो म्हणाला. दुसऱ्या गावी एका दुकानाची पाटी बसवायला जायचं होतं त्याला. रविवारी जमलं तर बघतो. चहाही न घेता तो गेला.

तो गेल्यावर रंगाचा शेवटचा हात मारून ती कडांची टेप सोडवू लागली. एका कोपऱ्यात टेपचे तीन थर होते. कडेसाठी एवढे थर कशाला? तिनं ते ओढून काढले आणि खाली निळी फुली दिसली.

कवळीची जी बाजू कापायची, तिच्यावर ती लॅबच्या निळ्या पेन्सिलीनं अशीच फुली मारायची. एक पाय आखूड, एक लांब. इतकी सवयीची, की आपण ती मारली हेसुद्धा तिला आठवत नव्हतं. पत्रा तिनंच उचलला होता, हेही हसण्याच्या नादात तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. खूण तिचीच होती. आणि हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं, म्हणून त्यानं सगळ्यांच्या देखत ती झाकून टाकली होती, तिची फजिती होऊ नये म्हणून.

तिचे कान तापले. लाज वाटत होती आणि त्याच वेळी धावत सुटावंसं वाटत होतं. ती खरंच धावत त्याच्या दुकानापर्यंत गेली. दुकानाला कुलूप होतं. फोन लावला तर तो शिडीवर असल्याचं कुणीतरी सांगितलं. निरोप काय द्यायचा, असं त्या माणसानं विचारलं. असले निरोप कुणा तिसऱ्याकडून देतात का?

रविवारी हॉल गच्च भरला होता. लांब टेबलांवर डबेच डबे, सगळ्यांच्या डाव्या कुशीला खिडक्या, सगळ्यांत फिरते पंखे आणि रंगीत दिवे. तिचा डबा तेवढा सगळ्यांकडे पाठ फिरवून उभा, आणि गर्दी मात्र त्याच्याभोवती. मोरपंखी तव्यावर रंगीत वायरींच्या फांद्या, त्यावर धुरकट काचेसारखा फुगीर उठाव… लोक वाकून वाकून बघत होते. आत्या तर प्रत्येकाला स्वतः समजावून सांगत होती. हिची नजर मात्र दाराकडे. परीक्षक बाई शेजारच्या टेबलाशी आल्या तेव्हा तो दारात दिसला, प्रवासाच्या धुळीसकट. तो पुढे आला नाही. मागेच, खांबाशी उभा राहिला.

परीक्षक बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ खिडकीला नाक लावलं. मग म्हणाल्या, "सगळे लपवतात ती बाजू तुम्ही दाखवलीत. धाडसी कल्पना आहे. पहिल्यापासून हेच ठरवलं होतं ना?"

नियोजनाला वेगळे गुण होते. नुसती मान हलवली असती तरी काम भागलं असतं. कार्ड हातभर अंतरावर, खोक्यात बसलं होतं. आणि खांबाशी 'उलटखिडक्या' उभा होता, तिच्या चुकीचा शिक्का कपाळावर घेऊन. हे आज, सगळ्यांसमोर मिटलं नाही तर तो पुन्हा आपल्या दारात येणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "चुकून झाली. खिडकी डावीकडे पाडायची होती."

"मी म्हणते गप्प बस ना," आत्या कुजबुजली.

"आणि ती चूक कापणाऱ्याची नव्हती, आत्या. खूण मी केली. चुकीच्या पत्र्यावर." आता थांबणं शक्य नव्हतं. "कारण खूण करताना मी पत्र्याकडे बघतच नव्हते. यांच्याकडे बघत होते."

तिनं बोट दाखवलं. अख्खा हॉल खांबाकडे वळला. पाटीवाला कानापर्यंत लाल झाला. बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. परीक्षक बाईंनी नियोजनाच्या रकान्यात भोपळा काढला, पण काढताना त्या हसत होत्या.

तो गर्दीतून वाट काढत आला आणि तिच्यासमोर थांबला.

"मला शिव्या देताना बरं एवढं बोलता येत होतं," तो हळूच म्हणाला, "हे बोलायला रविवार लागला?"

"चुकलं माझं. पण तुम्ही का नाही बोललात? फुली तर दिसली होती तुम्हाला."

"कापून झाल्यावर दिसली. तरी पत्रा कुठल्या बाजूचा, हे करवत चालवणाऱ्यानं आधी विचारायचंच असतं." त्याचा तो एक डोळा जरा मिटला. "पण माझं तरी लक्ष पत्र्याकडे कुठं होतं?"

तिनं सरळ त्याचा हात धरला, सगळ्यांच्या देखत. आत्यानं "अगंबाई" म्हणून तोंडावर पदर धरला आणि पदराआडून सगळं नीट बघून घेतलं. यापुढे या दोघांच्या हाती धारदार काही देऊ नका, एवढं तिनं आईला बजावलं.

"चालू करून दाखवताय ना?" परीक्षक बाईंनी विचारलं. "की मी पुढच्या टेबलाकडे जाऊ?"

तिनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. त्यानं सोडला नाही.

"बटण दाबायचंय मला," ती म्हणाली.

"डाव्या हातानं दाब."

तिनं डाव्या हातानं बटण दाबलं. आत कुठंतरी पंखा खाकरला, मग घुमू लागला, आणि खिडकीतल्या सगळ्या फांद्या एकदम उजळल्या.