उतरा खाली

लांब पल्ल्याच्या घोड्यांच्या शर्यतीत सगळ्यात नावडतं माणूस कोण, तर जनावरांचा डॉक्टर. 'इथून पुढं जायचं नाही' असं म्हणणारा तोच ना! या डॉक्टरबाईंना आता त्याची सवय झाली होती. त्या दिवशी त्यांच्याकडे शेवटच्या चढाखालची तपासणी होती. पाण्याच्या बादल्या, हातात स्पंज, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि भर दुपारीच उतरलेलं दाट धुकं.

सगळे घोडे चढ चढून गेले. राहिली एक पांढरी घोडी. तिची स्वार विशीतली पोरगी, आणि पाणी मारायला सोबत तिचा काका.

ठोके नियमात बसत होते, पण अगदी काठावर. हिरड्या कोरड्या. पोटातली गुडगुड मंद.

"नियमानं अडवता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण माझं मन काही घेत नाही. जरा पळवून दाखव बघू."

मुलगी लगाम धरून घोडीला दुडक्या चालीनं धुक्यात घेऊन गेली. टापा लांब गेल्या, वळल्या, परत येऊ लागल्या. आणि त्यांच्यामागून आणखी टापा आल्या. जड, लंगडत्या. मुलगी थांबली, घोडी थांबली. मागच्या टापा दोनेक पावलं पुढं आल्या आणि मग थांबल्या.

"मागं कोण राहिलंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कुणी नाही... आम्हीच शेवटचे." काका धुक्याकडे बघत म्हणाला.

घोडी मात्र बिचकली नाही. शिंगरू आईला बघून करतं तशी ती मान वळवून हळूच फुरफुरली.

डॉक्टरबाई स्पंज घेऊन धुक्यात शिरल्या. भीती तर वाटत होतीच. पण समोरून येणारा तो श्वास त्यांच्या ओळखीचा होता. ऊर फुटायला आलेल्या जनावराचा श्वास. खारट घामाचा वास आला. दिसत काहीच नव्हतं. त्यांनी हात पुढं केला, तर तळव्याला बरगड्या लागल्या. ओल्याचिंब, भट्टीसारख्या तापलेल्या. स्टेथोस्कोपची नळी टेकवली, तर ठोके मोजताच येईनात. एकात एक मिसळून गेलेले.

"अगं माझे बाई... किती पळवलंय गं तुला," असं पुटपुटत त्यांनी मानेवर स्पंज पिळला. मग तो हात खांद्यावरून वर नेला, आणि मनगट कशावर तरी आपटलं.

गुडघा. माणसाचा. बर्फासारखा गार.

त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. वर बघायचं धाडस काही झालं नाही. पण तोंडातून निघाले ते रोजचेच शब्द.

"उतरा खाली. ही घोडी पुढं जाणार नाही."

वरून, अगदी दबक्या आवाजात, "नक्की...?"

"नक्की. मी सांगतेय ना."

खोगिराचं चामडं करकरलं. कुणीतरी जड अंगानं खाली उतरलं. न दिसणाऱ्या त्या जनावरानं लांब उसासा टाकला. नळीतले ठोके सुटे झाले... सावकाश झाले... आणि हाताखाली नुसतं धुकं उरलं.

डॉक्टरबाई परत आल्या. काकानं खुर्ची पुढं केली. काही सांगायची गरजच पडली नाही.

"हिची आई," घोडीच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला. "काही वर्षांपूर्वी याच चढावर कोसळून मेली. वर माझा थोरला भाऊ होता, या पोरीचा बाप. त्याला कुणी अडवलं नाही, आणि तो आपणहून थांबला नाही."

"म्हणजे ते... तेव्हाच गेले?"

"छे हो! त्याला खरचटलंसुद्धा नाही. घरी आहे, धडधाकट. झोप मात्र उडाली ती उडालीच."

मुलगी सगळं ऐकत होती. तिनं मुकाट्यानं घोडीच्या पोटाखालचा खोगिराचा तंग सैल केला. "आम्ही इथंच थांबतो, डॉक्टर."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. घरून आईचा होता. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले.

"काका, बाबांना झोप लागलीय. बसल्या जागी, खुर्चीत! इतक्या वर्षांत पहिल्यांदा असे गाढ झोपलेत." मग ती अडखळली. "पण डोळा लागायच्या आधी एकच विचारत होते म्हणे... 'मी उतरल्यावर माझ्या हातातून लगाम घेतला, तो माणूस कोण?'"

डॉक्टरबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. एका हातात अजून नळी होती, दुसऱ्यात स्पंज. लगामाला त्यांनी हात लावलाच नव्हता.