चौथं नाव

दादरला गोखले रोडवर आमचं तीन टेबलांचं ऑफिस आहे. मी वेबसाइट बनवते. गेल्या जानेवारीत शीव कोळीवाड्यातल्या शेवंताबाईंची साइट केली. त्यांचा घरपोच मासळीचा धंदा. बाई माल निवडायच्या, सून रुचिका साफ करायची, मुलगा दिनेश स्कूटरवरून पोचवायचा. काम घेऊन दिनेशच आला होता. जाताना टेबलावर ओल्या बोंबलांची पिशवी ठेवून गेला.

साइट देखणी झाली. पान उघडलं की पापलेट, सुरमई आणि मग घरच्या माणसांचे फोटो एकामागून एक येत. पण महिनाभर ऑर्डरच नाही. कारण मला ठाऊक होतं. फोटो आणि नावं पान उघडल्यावर मागाहून भरली जात होती. सर्च इंजिन येऊन बघे तेव्हा त्याला नुसती कोरी पाटी दिसे. म्हणून सगळा मजकूर आधीच भरलेली एक प्रत मी त्याच्यासाठी सर्व्हरवर ठेवली.

चार दिवसांनी सर्चमध्ये साइट वर आली. खाली ओळ होती: ‘आमची माणसं: शेवंता, रुचिका, दिनेश, बुधाजी.’

मी प्रत उघडली. तीनच नावं. कोड ओळ न् ओळ वाचला. बुधाजी कुठेच नव्हता. सर्च इंजिनाला पान कसं दिसतं ते दाखवणारं टूल लावलं. तिथे तो होता. ‘बुधाजी, माल पोचवणार.’

दिनेशला फोन केला.

“आमच्यात या नावाचं कोण नाय,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, “काल दोन गिऱ्हाईकं बोलली, तुमचा माणूस मघाशीच माल देऊन गेला. मी त्यांच्या दारात उभा होतो मॅडम, पिशवी हातात.”

“आईंना विचारलंत?”

“विचारलं. ती उठून आत गेली. तुम्ही ते नाव काढा. आजच.”

मी जुनी प्रत पुसली, नवी केली आणि सर्च इंजिनाला पान पुन्हा वाचायला लावलं. दुपारचे तीन वाजले होते. खिडक्या बंद, एसी चालू. तरी टेबलापाशी खाऱ्या पाण्याचा, वितळत्या बर्फाचा वास आला. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या स्पृहाने नाकाला ओढणी लावली. 

दोन दिवसांनी सर्चमध्ये पाहिलं. नावं तीनच होती. बरं वाटलं.

मग ती वाचली.

शेवंता, रुचिका, बुधाजी.

साइट उघडली. दोन फोटो आले. तिसरी चौकट करडीच राहिली.

दिनेशचा नंबर लावला.

“बोला.” आवाज ओळखीचा नव्हता.

“दिनेश आहेत का?”

“दिनेश कोण? मी बुधाजी.”

मागे नळाचं पाणी पडत होतं. ते बंद झालं. शेवंताबाईंचा आवाज आला, अगदी सावकाश.

“वेबसाइटवाली बाय हाय ना? तिला सांग, आता सगळं बरोबर दिसतंय.”