बांबूखालचं अक्षर

सूचौच्या कालव्यावर धुकं होतं, पण होडी बरी चालली होती. मागे आकन वल्हं मारत होता. छपराखाली त्याची बायको यिनलान तापानं फणफणलेल्या तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती. काहीही करून दुपारच्या आत वैद्याकडे पोचायचं होतं.

"पेजेचं पाणी काडीच्या टोकानं पाज थेंब थेंब," शेजारी बसलेली सासू म्हणाली. "वाटी कशाला त्या बोळक्या तोंडाला?"

यिनलानचं सारं लक्ष बाळाच्या धापेकडे. माहेरचा शब्द तोंडातून निसटलाच. "आई, माझी चू द्या ना."

सासूचा हात थबकला. "लाख वेळा सांगितलं, होडीत माहेरचं तोंड आणू नकोस!"

चू म्हणजे जेवायच्या काड्या. पण त्यांच्या बोलीत 'थांब' म्हणायचा शब्दही कानाला तसाच लागतो, म्हणून होडीवाल्यांनी तो केव्हाच टाकला होता. ते म्हणत ख्वाय, म्हणजे 'लवकर'. लिहिताना त्याच्या डोक्यावर बांबूची खूण ठेवली, की झाल्या काड्या. यिनलान मात्र पंतोजींची लेक. वडिलांनी तिच्या काड्यांवर जुनंच अक्षर कोरून दिलं होतं, चू; डोक्यावर बांबूची खूण त्यालाही होतीच.

"आकन, थांबलास का रे?"

"नाही गं आई. मारतोय की!"

वल्ह्याचा आवाज येत होता. पाणी दोन्ही अंगांनी पळत होतं. पण काठावरचं वाकडं तुतीचं झाड जागचं हलेना. आकन घामाघूम झाला. झाड तिथंच.

मग बाळाची धाप मंदावली. एक श्वास. बऱ्याच वेळानं दुसरा.

"लेकरूही थांबतंय गं," सासू पुटपुटली. "फेक त्या काड्या!"

"फेकून शब्द जातो का, आई? सुरी द्या."

बांबूची खूण तिनं तशीच राहू दिली. खालचं अक्षर खरवडून काढलं आणि तिथं कोरलं, 'लवकर'.

तुतीचं झाड मागे सरलं.

"चालली!" आकन ओरडला.

बाळानं खोल श्वास घेतला. कपाळाला घाम फुटला, ताप उतरू लागला. सासूनं डोळे पुसले. "कामाला आली गं बाई पंतोजींची पोर!"

रडत, हसत यिनलाननं लेकाला छातीशी धरलं. तो अधाशासारखा पिऊ लागला, आणि ती कळवळली.

"काय झालं?" सासूनं विचारलं.

तिनं हलकेच त्याच्या तोंडात बोट घातलं. सकाळी एकही दात नसलेल्या कोवळ्या हिरडीवर आता चार दात होते.

पाचवा तिच्या बोटाखालीच लवकर लवकर वर येत होता.