राबेनहाल्टची उलटी ढाल

राबेनहाल्टच्या थोरल्या काउंटची शवपेटी चर्चच्या तळघरात उतरली न उतरली, तोच गिरणीवाला धापा टाकत चर्चमध्ये शिरला. धाकटे काउंट कुनो गिरणीच्या चाकाखाली सापडले होते. डोकं फुटलेलं.

बापाला माती द्यायला कुनो प्रागहून येणार, म्हणून अख्खा गाव कालपासून वाट बघत होता. त्याला आणायला गेलेला वाइट नावाचा मोतद्दार "साहेब भेटलेच नाहीत" म्हणत एकटाच परतला होता. झालं! सगळे त्याच्यावर तुटून पडले.

"याला आजच फासावर चढवा!" काउंटचा जावई एबरविन गरजला.

न्यायाधीश लोरेन्झना ही घाई पटेना. गरिबाची मान म्हणजे काय मुळा आहे, दिसला की उपटला? त्यांची नजर वर गेली. शवपेटीच्या जागेवर टांगलेल्या ढालीतला कावळा, काउंटच्या घराण्याचं चिन्ह, डोकं खाली करून लटकत होता. रडारडीत कोणी वर बघितलंच नव्हतं.

त्यांनी सुतार योर्गला बोलावलं.

"ढाल उलटी का टांगलीस?"

"माझी काय बिशाद, साहेब! जावईसाहेबांनी सांगितलं."

"कधी?"

"काल संध्याकाळी. म्हणाले, टांग आणि तोंड बंद ठेव."

"सासऱ्यांचा मान म्हणून सांगितलं!" एबरविन म्हणाला.

"मानाची ढाल सुलटी असते," लोरेन्झ म्हणाले. " उलटी टांगतात ती घराण्यातला शेवटचा पुरुष पुरताना. काल आम्ही सगळे कुनोची वाट बघत होतो. तुम्ही नव्हतात, कारण तो मेलाय हे तुम्हाला ठाऊक होतं. वंश बुडाला हे चारचौघांत ठरलं की किल्ला आणि कावळा बायकोकडून तुमच्या मुलाला. प्रेत पहाटेच सापडेल असं धरून चाललात. पण ते गिरणीच्या ओढ्यात बर्फाखाली अडकलं, आणि ढाल तर चढून बसली होती."

कुनोची बहीण आडेलहाइड नवऱ्याकडे बघतच राहिली.

"आपल्या पोरासाठी केलं ग!" एबरविन पुटपुटला.

"माझा भाऊ मारून माझं पोर गादीवर बसवणार होतात?" तिला हुंदका आवरेना.

शिपाई पुढे झाले. "हात लावू नका!" एबरविन ओरडला. "उमराव आहे मी. फास नोकरचाकरांना. मरायचंच तर तलवारीनं मरेन."

आडेलहाइडनं डोळे पुसले. "न्यायाधीशसाहेब, वाइटला काय देणार होतात?"

"फास, बाईसाहेब."

"मग यांनाही तोच द्या."