वाळवंटातली हराळी

"पोचल्याचा फोन जो मानूस आपणहून करतो ना, त्येच्यापासनं जपून राहा. त्येची सवय लागती बघ."

माझ्या सासूबाई गोजरबाई, मी त्यांना आत्या म्हणते, भाकरी थापता थापता हे म्हणाल्या. मी नुकताच फोन ठेवला होता. हसून म्हटलं, "आत्या, कस्टमर आहे तो." परातीवरची नजर न उचलता त्या म्हणाल्या, "मग कस्टमरशी बोलताना केस कशाला सारखं करत हुतीस?"

मी केसांवरचा हात खाली घेतला, आणि त्यांचं बोलणं हसण्यावारी नेलं.

तो कस्टमर त्याच दुपारी पहिल्यांदा आला होता. नवी पेठेत साड्यांच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की आमचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस. टेबलावर 'अपेक्षा' अशी माझ्या नावाची पाटी ठेवून मी तिथं लोकांच्या सहली आखून द्यायची. माझी आरोही तेव्हा चार वर्षांची. बालवाडी सुटली की आत्या न्यायला येईपर्यंत ती माझ्या टेबलाखाली चित्रं रंगवत बसायची. जिन्यावर पावलं वाजली… आणि मग सगळा जिनाच कोसळावा तसा खणखणाट. वर येणाऱ्या माणसाच्या खांद्यावरच्या लांबलचक पिशवीचा पट्टा तुटला होता. लोखंडी काठ्या पायऱ्यांवरून खाली घरंगळत होत्या आणि एक पांढरा चेंडू तेवढा उड्या मारत आत आला. आरोहीनं तो मुठीत पकडला.

"आई, हा चेंडू दगडाचा आहे."

तो माणूस टेबलाशी वाकला. तिच्याएवढा झाला. म्हणाला, "असू दे तुझ्याकडंच. आमच्या मालकांना तसाही तो कधी सापडत नाही."

मग माझ्याकडं बघून, जरा संकोचून म्हणाला की चार जणांना वाळवंटात जायचंय… गोल्फ खेळायला. मी खिडकीबाहेर बघितलं. दिवाळी होऊन गेली होती, तरी समोरच्या पत्र्यावर ऊन पांढरं पडलं होतं. मी विचारलं, सोलापूरच्या माणसानं उन्हासाठी विमानानं जायचं?

"मीही तेच विचारलं," तो म्हणाला. "मालक म्हणाले, तिकडचं ऊन इस्त्री केलेलं असतं."

त्याचं नाव आदिनाथ. मूळचा करकंबचा, शेतकीचा पदवीधर. टॉवेल कारखानदार गुरुबसप्पा यांची अक्कलकोट रस्त्यावरची शेती तो बघायचा, आणि शेतीत न बसणारी त्यांची सगळी कामंही त्याच्याच गळ्यात असायची. गुरुबसप्पांना साठी उलटल्यावर गोल्फचा नाद लागला होता. टॉवेल विकत घेणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी तो लावला. आता तीन मित्रांना घेऊन त्यांना ओमानला जायचं होतं, आणि सोबत आदिनाथ.

मी सांगितलं की जानेवारीच्या मध्यावर तिथं हवा उत्तम. त्यानं कानाला हात लावला. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा सोडून? सिद्धरामेश्वर एक वेळ माफ करतील, घरातल्या बायका करणार नाहीत. मग यात्रेनंतरचे दिवस ठरले. मग माझे प्रश्न सुरू झाले. चौघांपैकी कुणाला काय आजार? मैदानापासून दवाखाना किती लांब? भर दुपारचा डाव नको, सकाळचाच घ्या. टोप्या घेतल्या का? जास्तीच्या घेतल्या का? त्यानं एकाही प्रश्नाला कंटाळा केला नाही. शेवटी तेवढं म्हणाला, "सहल आखताय की लढाई?"

खरं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. माझा नवरा जोतिराम एका सकाळी मोटरसायकलवरून पुण्याच्या रस्त्याला लागला, 'पोचलो की फोन करतो' म्हणाला, आणि टेंभुर्णीच्या अलीकडं त्याचा अपघात झाला. आरोही तेव्हा रांगत होती. तेव्हापासून निघालेलं माणूस मला बघवत नाही. आदिनाथ उठला, म्हणाला की आज गावी करकंबला जातोय. मी फक्त म्हटलं, सावकाश जा.

संध्याकाळी फोन वाजला. "करकंबला पोचलो. तुम्ही विचारलं नव्हतं… पण तुमचा चेहरा विचारत होता."

हाच तो फोन. आत्यांचा इशारा त्यावरचा.

मग तो येतच राहिला. कधी पासपोर्टच्या झेरॉक्स घेऊन, कधी नुसताच एक प्रश्न घेऊन, जो फोनवर सहज विचारता आला असता. तिकडं कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेता येईल का? चार जणांत घोरणारे दोघं आहेत, खोल्या कशा करायच्या? मी गंभीर चेहऱ्यानं उत्तरं द्यायची. तो जिना उतरून गेला की आरोही सांगायची, "आई, तू हसतेयस."

हुरड्याच्या दिवसांत गुरुबसप्पांनी आम्हां तिघींना शेतावर बोलावलं. आत्या आगटीजवळ बसून आल्या-गेल्याला हुरडा चोळून देऊ लागल्या, गुरुबसप्पा आरोहीला काठी कशी धरायची ते शिकवू लागले, आणि आम्ही दोघं बांधावरून चालत राहिलो. ऊन कोवळं होतं. जोंधळ्याच्या पानांचा सळसळ आवाज मधूनच यायचा आणि बोलणं थांबवायचा. मी बघत होते: चार पावलं झाली की तो वाकायचा, काहीतरी मुळासकट ओढायचा आणि बांधापलीकडं फेकायचा. बोलणं चालूच.

"तुमचे हात कधी थांबतात का?"

"हराळी दिसली की नाही थांबत. एक कांडी राहिली तरी अख्खा वाफा खाते. घरचे म्हणतात, हा लग्नाच्या मांडवातसुद्धा खाली बघून चालतो."

"मग मुलगी कशी दिसणार?" मी बोलून गेले, आणि लगेच वाटलं, जीभ चावावी.

"दिसली की," तो म्हणाला. या वेळी खाली न बघता.

मी वळून आगटीकडं चालू लागले. कानशिलं तापली होती. तिथं धुरापलीकडं आत्या बसल्या होत्या, एकट्या, गुडघ्यावर हात ठेवून. जोतिराम गेल्यावर भावकी म्हणाली होती, सुनेला माहेरी लावून द्या. आत्या म्हणाल्या होत्या, लेक गेला, आता लेक बी घालवू व्हय? त्यांना दुसरं कुणी नाही. माझ्यापुढं कुठलीही वाट आली तरी ती आत्यांना मागं टाकून जाणारी असेल, तर ती माझी नव्हे, असं मी त्या धुरात डोळे चोळत ठरवून टाकलं.

यात्रा झाली, आणि पाचही जण गेले. उतरल्याचा फोन आला. हॉटेलात पोचल्याचा आला. मग रोज सकाळी एक – आज मालकांचा चेंडू तळ्यात गेला; आज समुद्र बघितला, आपल्या उजनीपेक्षा मोठा आहे; आरोहीला सांगा, इथले उंट आरामात सिग्नलला थांबतात.

मग एक सकाळ फोनशिवाय गेली. दुपारही गेली. मी लावला तर बंद. हॉटेलवाले म्हणाले, मंडळी मैदानावर आहेत. बाकी कुणी उचलेना. समोर बसलेल्या जोडप्याला मी तिरुपतीऐवजी भलतंच काही सांगत होते. आत्या आरोहीला न्यायला आल्या, माझ्याकडं बघितलं, आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनाही हे बसणं माहीत होतं. आम्ही दोघी एकदा असंच बसलो होतो.

ऊन उतरताना फोन वाजला.

"मी बरा आहे," तो घाईनं म्हणाला. "नुसतं पकडून ठेवलं होतं मला."

झालं होतं असं: गुरुबसप्पा नेम धरून उभे, हा बाजूला काठ्या घेऊन. भोकाभोवती मखमलीसारखी हिरवळ. आणि याचा हात आपसूक खाली गेला… मुळासकट, ओढून, तळहाताएवढी जागा मोकळी. रखवालदारानं धरून ऑफिसात नेलं, फोन काढून ठेवला. तिथं याला कळलं की ती अख्खी हिरवळ म्हणजे हराळीच. आपण जन्मभर जी उपटतो तीच ते लोक वाळूत लावतात, पाणी पाजतात, लेकीचे केस विंचरावेत तशी राखतात. यानं माफी मागितली, आणि उपटलेली हराळी गुडघे टेकून स्वतः परत लावून दिली. त्यातच दिवस गेला.

मी फोन कानाला धरूनच रडू लागले. आत्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"अवो, गवत उपटाया येवढ्या लांब गेलता व्हय? हितं दोगींचा जीव जायची पाळी आनली की." मग जरा थांबून, हळू आवाजात, "जेवला का?"

तो परतला तेव्हा ऑफिसात मी एकटीच होते. त्यानं खजुराचा डबा टेबलावर ठेवला, पण बसला नाही. म्हणाला की तिथल्या मुख्य माणसानं त्याला हराळी लावताना बघितलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी बोलावून विचारलं, आमची हिरवळ सांभाळशील का? इकडं गुरुबसप्पांच्या शेताचे प्लॉट पडणार होते, ते त्यांनीच त्याला सांगितलं होतं. काम संपतच होतं.

"मी हो म्हटलेलं नाही. आधी इथं आलो." त्याचा आवाज खाली आला. "अपेक्षा… तुम्ही आणि आरोही माझ्याबरोबर याल? लग्न करून, घर करून? नाही म्हणालात तर मी इथंच काहीतरी बघेन. फक्त नकार मला आहे की वाळवंटाला… तेवढं सांगा."

खाली दुकानात कुणीतरी साडीचा पदर उलगडून दाखवत होतं.

"तुम्हाला नाही," मी म्हटलं. "वाळवंटालाही नाही. पण आत्या…"

तो लगेच म्हणाला की त्यांनाही नेऊ. पण हे माझं रोजचं काम होतं. उत्तर मला त्याच्याआधी माहीत होतं. कुटुंबाच्या व्हिसावर बायको जाते, मूल जातं. बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या आईला कुठलं नातं लावणार? व्हिसाच्या कुठल्याच कागदावर आत्या आमच्या कुणी नव्हत्या. मी त्याला म्हटलं, माझ्यापायी असं काम सोडून इथं अडकू नका, तुम्ही जा. तो खजूर तिथंच ठेवून गेला. जिना उतरताना या वेळी त्याच्या पावलांचा आवाजसुद्धा झाला नाही.

घरी मी काही बोलले नाही. आत्यांना सांगावं लागत नाही. चार-सहा दिवस त्यांनी माझं ताट बघितलं, माझे डोळे बघितले, आणि एका सकाळी आरोहीची वेणी घालता घालता म्हणाल्या, "माझ्यापायी न्हाय म्हनलीस नव्हं?"

मी म्हटलं, तसं नाही. त्या म्हणाल्या, मग कसं?

वेणी पुरी झाली. आरोहीला खेळायला धाडून त्या माझ्यासमोर बसल्या.

"जोतिराम गेला तवा मी दारात न्हवते. दळान आनाया गेलते. त्यो कवा भाईर पडला, मागं वळून बगितलं का न्हाय… मला ठावं न्हाय. तुला मी दारात हुबी राहून लावून देनार. हसून. तेवडं एक मला करू दे."

"आणि तुम्ही?"

"मी हाय की. मी कुटं जाते?"

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. लग्न होऊन आले तेव्हाही ठेवलं नव्हतं इतका वेळ.

दुसऱ्याच दिवशी त्या नारळ घेऊन एसटीनं करकंबला गेल्या. मला येऊ दिलं नाही. आदिनाथनं नंतर सांगितलं: त्याच्या आईला विधवेचं, त्यातून मूल असलेलीचं स्थळ पटत नव्हतं. तिनं जरा तुटकच विचारलं, तुम्ही मुलीच्या कोण? आत्यांनी नारळ पुढं ठेवला आणि म्हणाल्या, "आई." पुढं फार बोलणं झालं नाही म्हणे.

लग्न करकंबच्या देवळात झालं. आत्या मुलीकडच्या बाजूला बसल्या. निघण्याच्या दिवशी त्यांनी तळहातावर दही दिलं, आरोहीची बोटं एकदा मोजल्यासारखी धरली, आणि दारात उभ्या राहिल्या. रिक्षा वळेपर्यंत हसत होत्या. मी मागं वळून बघितलं. पुन्हा पुन्हा बघितलं.

आता इथं पहाटे आदिनाथ हिरवळीवर जातो आणि परततो तेव्हा त्याच्या बाह्यांना ओल्या गवताचा वास असतो. दारातून तो आधी माझ्याकडं बघतो, मग पाणी मागतो. मी सुखात आहे. हे लिहायला अजूनही भीती वाटते, पण आहे. आरोही वाळूत किल्ले करते, मी खिडकीतून तिच्यावर नजर ठेवते, आणि माझं अर्धं मन तरीही तिकडं गल्लीत उभं असतं.

म्हणून एक मागणं आहे. तुम्ही सोलापूरचे असाल, नवी पेठेत खरेदीला गेलात, तर मागच्या गल्लीत निळ्या दाराचं घर विचारा. गोजरबाई म्हटलं की कुणीही दाखवेल. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. घेतली का, असं विचारू नका. "व्हय, घेतली की" म्हणतील. कोनाड्यात गोळ्यांची पट्टी असते, ती हातात घेऊन बघा. आणि त्यांनी चहा टाकला तर घाई आहे म्हणू नका, बसा. कुणी समोर असलं तरच त्या आपल्यासाठीही अर्धा कप ओतून घेतात.